काटा काय सांगतो?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर पोहोचला की जुन्या गाडीच्या रेडिएटरची खरी परीक्षा सुरू होते. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्साच कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते, आणि बरीचशी कूलंटला वाहून न्यावी लागते.

रेडिएटर हवेला किती उष्णता देऊ शकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ६५ अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५ अंशांवर येतो, म्हणजे रेडिएटरची क्षमता जवळपास ३० टक्क्यांनी घटते. नवी गाडी ही तूट सोसते. जुन्या गाडीत बोअरच्या पाण्यातले क्षार, मातीने बुजलेली जाळी आणि सैल पडलेला फॅन बेल्ट यांनी शिल्लक क्षमता आधीच खाल्लेली असते. त्यात घाट लागला, की इंजिनावर ताण वाढतो आणि वेग कमी असल्याने समोरून वाराही मिळत नाही.

तरीही कूलंट सहसा उकळत नाही, कारण रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं दाब धरून ठेवतं. अनेक गाड्यांत त्यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि गाडी लवकर उकळते. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडणं घातक आहे, तेही याच कारणाने. दाब सुटताच कूलंटची वाफ होऊन ते अंगावर उसळतं.

डॅशबोर्डवरचा काटा मोजतो ते कूलंटचं तापमान. होज फुटून कूलंट वाहून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो. मग धातू तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून घाटात काटा अचानक उतरला, तर तो चढण्याइतकाच धोक्याचा इशारा समजावा.

दुर्लक्षाची किंमत मोठी असते. अनेक इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मर्यादा ओलांडली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळतं.

काटा चढू लागला तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण चालू करा. हीटरमध्येही एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. एवढं करूनही काटा लाल पट्ट्याकडे सरकला किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

काही गॅरेजांत गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचतं आणि इंधन जास्त जळतं.

त्यापेक्षा आपल्या गाडीची सवय ओळखा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगात काटा कुठे स्थिरावतो ते लक्षात ठेवा. तशाच हवेत तो त्याहून थोडा वर राहू लागला, तर कुठेतरी क्षमता घटली आहे. रेडिएटर साफ करणं, झाकण आणि होज तपासणं ही कामं तेव्हाच उरकली, तर हेड उतरवण्याची वेळ येत नाही.