काळी चंद्रकळा आणि विलायती झगा

काळ्या रंगाशी आम्हा मराठी माणसांचे नाते मोठे लहरी आहे. बारशाला काळे चालत नाही, साखरपुड्याला चालत नाही, आणि दिवाळीच्या खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानदार काळ्या साडीची घडी मोडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण संक्रांत तोंडावर आली की हाच रंग एकदम मानकरी होतो! नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवायची आणि तिच्यावर हलव्याचे शुभ्र दागिने चढवायचे, हा थाट आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. मंगळसूत्राचे मणी काळे, तान्ह्याच्या मनगटातले मणी काळे, गालावरची तीटही काळीच. म्हणजे हा रंग अशुभही आणि अशुभाला पळवून लावणाराही. या कोड्याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर गेल्या हिवाळ्यात आली, आणि तीही एका विलायती झग्यापायी.

आम्ही कसबा बावड्याचे. कोल्हापूर शहरातून नव्या राजवाड्यावरून पुढे आले की आमचे बावडे लागते. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली झाला तो इथल्याच लक्ष्मीविलास राजवाड्यात. राजाराम साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या आणि मळीचा वास यांवरूनच आम्हाला थंडीची वर्दी मिळते. अशा गावात कॉकटेल ड्रेसचे काय काम, असे कोणी विचारील. तर ते काम माझ्या पुतणीने काढले. तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोल्हापूरच्या सिनेमावर कार्यक्रम होता. कोणी बाबूराव पेंटर घेतले, कोणी भालजी पेंढारकर. या मुलीने घेतल्या भानू अथैया. त्यांच्या उमेदीच्या काळातला एक पोशाख घालून रंगमंचावर यायचे आणि त्यांच्याविषयी पाच मिनिटे बोलायचे, असा तिचा बेत.

भानूबाई मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या घरातल्या. जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार; भानू लहान असतानाच ते गेले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. बायकांच्या साप्ताहिकांत पोशाखांची चित्रे काढता काढता त्या प्रत्यक्ष पोशाखच करू लागल्या आणि सिनेमाने त्यांना ओढून घेतले. ‘श्री ४२०’ या १९५५ सालच्या चित्रपटात नादिराने घातलेला तो अंगाला चपखल बसणारा झगमगता गाऊन त्यांच्याच कल्पनेतला. पुढे ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या हातांनी नादिराचा गाऊन घडवला त्याच हातांनी पुढे ‘गांधी’तल्या माणसांना खादी चढवली, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईंची झेप कळते.

आता पुतणीला हवा होता तो १९५०-६० च्या सुमाराचा काळा कॉकटेल झगा. ही मागणी घरात मांडली गेली तेव्हा आमच्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. वयाची ऐंशी उलटलेली, पण कान तिखट. त्यांनी विचारले, “कॉकटेल म्हंजे काय गं?”

पुतणी म्हणाली, “आजी, तिकडं संध्याकाळी सहा ते आठ बायका-पुरुष नटूनथटून एकमेकांकडं जातात. उभ्या उभ्या काहीतरी पितात, थोडं खातात, गप्पा मारतात नि घरी येतात. तेव्हा घालायचा हा झगा.”

“म्हंजे हळदीकुंकूच की!” सासूबाई म्हणाल्या. “फक्त पुरुषांना बोलावलेलं.”

आम्ही हसलो, पण व्याख्या मोठी अचूक होती. दिवसाचा साधा पोशाख आणि रात्रीच्या मेजवानीचा पायघोळ गाऊन यांच्या मधल्या वेळेचा हा झगा. लांबी पोटरीपर्यंत, नटणे बेताचे. हे नाव पॅरिसच्या ख्रिस्तियन दिओरने लोकप्रिय केले तो काळ १९४० च्या दशकाच्या अखेरीचा. नेमका त्याच सुमारास, १९४९ साली, आपल्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. तेव्हा आपल्याकडे कॉकटेलचा झगा आधी आला आणि कॉकटेल कपाटाआड गेले, असे म्हणायला हरकत नाही.

या झग्याचा रंग काळा का, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. युरोपात काळा हा शोकाचा रंग. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८६१ साली पती वारल्यावर काळे वस्त्र धारण केले ते १९०१ साली स्वतः मरेपर्यंत उतरवले नाही. पहिल्या महायुद्धाने तर घरोघरी काळे कपडे नेले. अशा रंगाचा साधा, आटोपशीर झगा कोको शॅनेलने पुढे आणला. १९२६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ‘व्होग’ मासिकाने त्याचे चित्र छापले आणि फोर्ड मोटारीशी त्याची तुलना केली. म्हणजे कोणालाही शोभेल, कुठेही चालेल. शोकाचा रंग शोभेचा झाला. पुढे १९६१ साली ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ चित्रपटात ऑड्री हेपबर्नने जीव्हांशीचा काळा गाऊन घातला आणि गळ्यात मोत्यांचे सर. तो गाऊन २००६ साली लंडनच्या लिलावात ४,६७,२०० पौंडांना गेला. ते पैसे बंगालमधल्या गरीब मुलांच्या कामी आले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आमच्यापाशी पौंड नव्हते. भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानात चौकशी केली, तर तिथला काळा गाऊन टिकल्यांनी इतका लदलेला की त्यात माणूस कमी आणि दसऱ्याचा हत्ती जास्त दिसावा. मग घरीच करायचे ठरले. अशा पोशाखाचे सारे सौंदर्य तीन गोष्टींत असते: वरचा भाग अंगासरशी, कंबर रेखीव आणि खाली भरपूर घेर. घेराला कापड भरपूर लागते, आणि ते मऊ पण वजनदार असावे लागते. बाजारातले स्वस्त चमकते कापड दिव्याखाली पत्र्यासारखे दिसते.

दोन दिवस हे बोलणे ऐकून सासूबाई तिसऱ्या दिवशी उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली त्यांची चंद्रकळा निघाली. काळीभोर रेशमी, सहावारी, लाल काठाची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांना मिळालेली. मामंजी गेले त्या वर्षापासून तिची घडी मोडली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे येणेच बंद झाले, मग काळी साडी नेसायची कुठे?

“ही घे,” त्या नातीला म्हणाल्या. “काप हवी तशी. ट्रंकेत कसर लागून जायची, त्यापेक्षा बरं.”

नात गप्प झाली. मीही. ती साडी कापायची या कल्पनेने माझे हात थंड पडले. पण नको म्हणणेही तितकेच कठीण, कारण इतक्या वर्षांनी ती ट्रंकेबाहेर आली होती. साडी घेऊन मी आमच्या आळीतल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांची सारी हयात ब्लाऊज शिवण्यात गेलेली. चित्र पुढे ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा सरसावला आणि म्हणाले, “वहिनी, हा वरचा भाग म्हणजे कमरेखाली वीतभर वाढवलेला ब्लाऊजच की! आणि खालच्या निऱ्या. साडीला कात्री कशाला लावायची?”

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळे आले. पॅरिसचे कारागीर अंगासरशी चोळी बसवण्यासाठी जी मेहनत करतात, ती आपला ब्लाऊजचा शिंपी रोज करतो. टक्स, कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तर, हूक, सारे त्याच्या बोटांत असते. महाद्वार रोडवरून दोन मीटर काळे सुती सॅटिन आणले. त्याचा बिनबाह्यांचा, खांद्यापासून खांद्यापर्यंत सरळ गळ्याचा वरचा भाग झाला, कंबरेवरून उतरून नितंबांवर चपखल बसणारा. पाठीला चेन.

आता घेर. साडीचा पन्हा सुमारे पंचेचाळीस इंच. ती लांबीत दुमडली की दुहेरी कापड साडेबावीस इंचांचे होते, आणि वरच्या भागाच्या वीतभर लांबीखाली ते बरोबर पोटरीपर्यंत पोचते. दुमड खाली ठेवली, म्हणून खालची कड आयतीच तयार झाली. दोन्ही लाल काठ वर गेले आणि सॅटिनच्या आत दडले. पदर मागच्या निऱ्यांत लपवला. साडेपाच मीटर रेशीम एकसारख्या चपट्या निऱ्यांत बसवले आणि बारीक सुईने, रेशमी दोऱ्याचा धावदोरा हाताने घालून जोडले. रेशमावर मशीनची टीप घातली तर तिची भोके कायमची राहतात. धावदोरा मात्र एका झटक्यात निघतो. जुने रेशीम घडीवर विरते, म्हणून आधी साडी उजेडाकडे धरून पाहिली होती. एके ठिकाणी विरलेली होती, ती बाजू आतल्या पदरात घातली.

घेर उभा राहावा म्हणून आत दोन सुती परकर. दोन्हींना कडक खळ, आणि वरच्याला खाली नेटची झालर. हे काम बाहेरून दिसत नाही, पण हे नसेल तर झगा ओल्या छत्रीसारखा मिटतो.

दागिन्यांची निवड ही खरी परीक्षा. कोल्हापूरकराला साज दिसला की मोह होतो, पण अशा झग्यावर सोन्याचा भार घातला की त्याचा जीव गुदमरतो. दागिना एकाच जागी, आणि पांढरा. घरात मोत्यांची चिंचपेटी होती. ती गळ्याला घट्ट बसली आणि त्या सरळ काळ्या गळ्यावर अशी उठून दिसली की टिफनीच्या मोत्यांची आठवणही झाली नाही. कानात मोत्याच्या कुड्या. केसांचा उंच, घट्ट अंबाडा. आत जुन्या गंगावनाचा आधार. डोळ्यांच्या कडेला काजळाची बारीक शेपटी, ओठांना गडद लाल रंग, बाकी चेहरा मोकळा. उंच टाचांच्या बुटांत आठ दिवस अंगणात चालण्याचा सराव केला. साडीत वावरलेल्या मुलीला आखूड पावले टाकण्याची सवय असते, ती इथे फार उपयोगी पडली.

सगळा साज चढवून ती आजीपुढे उभी राहिली. सासूबाईंनी तिला एकदा गोल फिरायला लावले. मग म्हणाल्या, “हलव्याचे दागिने काढून मोत्याचे घातल्यागत दिसतंय. संक्रांतच आहे ही.”

मला वाटते, काळ्या झग्यावरच्या मोत्यांचे मर्म याहून थोडक्यात कोणी सांगितले नसेल. काळ्यावर पांढरे, हे कोडे पॅरिसने सोडवले खरे. पण ते आपल्या माजघरातही कधीचे सुटलेले होते.

गॅदरिंगच्या दिवशी पुतणी रंगमंचावर आली तेव्हा मागच्या बाकांवरून दोन शिट्ट्या आल्या. काळा झगा म्हणजे सिनेमातली खलनायिका, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. त्या काळच्या पडद्याने नायिकेला साडी आणि तिच्या वैरिणीला गाऊन अशी वाटणीच करून टाकली होती. पोरीने शिट्ट्या संपेपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि पहिलेच वाक्य म्हटले, “हा झगा माझ्या आजीच्या संक्रांतीच्या साडीचा आहे.” मग मात्र सभागृह निमूट ऐकत राहिले.

जानेवारी लागला. शिंपीकाकांनी धावदोरा ओढला, निऱ्या सुटल्या, आणि चंद्रकळा पुन्हा अखंड साडी होऊन घरी आली. सासूबाईंनी ती ट्रंकेत ठेवली नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. कागदावरचा ठराव दारापर्यंत पोचायला मात्र एखादे निमित्त लागते. त्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू झाले तेव्हा सासूबाई ती चंद्रकळा नेसून पाटावर बसल्या. शेजारची सून क्षणभर थबकली. मग तिने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला कुंकू लावले आणि हातावर तिळगूळ ठेवला. त्यानंतर एकही बाई थबकली नाही.

येत्या थंडीत कोणा मुलीला जुन्या काळचा काळा झगा करायचा असेल, तर तिला एवढेच सांगेन: दुकानाआधी घरची ट्रंक उघडून पाहावी, ब्लाऊजच्या शिंप्यावर विश्वास ठेवावा, आणि कात्रीआधी धावदोऱ्याचा विचार करावा. काळा रंग शोकाचा की शोभेचा, हे रंग कधीच ठरवीत नाही. ते त्याला ट्रंकेत ठेवणारी आणि बाहेर काढणारी माणसे ठरवतात.