खाऱ्या वाऱ्यातील बाग

निवृत्तीनंतर कोकण किनाऱ्यावर टुमदार घर असावे, त्याभोवती बाग फुलावी, अशी अनेकांची मनीषा असते. त्यासाठी आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते. मात्र हौसेने लावलेली रोपे समुद्राच्या बाजूने करपू लागली, की मालक पाणी वाढवितो आणि बहुधा नुकसानच वाढते.

दोष तहानेचा नसून मिठाचा असतो. फुटणाऱ्या लाटांचे सूक्ष्म तुषार वाऱ्यासोबत येऊन पानांवर बसतात. पाणी उडून जाते, मीठ उरते आणि पानांच्या कडा जळतात. पावसाळ्यात सरी हे मीठ धुऊन नेतात. कोरड्या महिन्यांत ते साचत राहते.

म्हणून बागेचा आरंभ फुलांपासून नव्हे, आडोशापासून करावा. भक्कम भिंतीवरून वारा उसळतो व पलीकडे भोवरे घेत खाली येतो. झाडांची रांग मात्र त्याचा वेग मोडते. तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत तिचा आधार मिळू शकतो. समुद्राच्या अंगाला सुरू, उंडी, भेंड लावावेत. वाळू धरून ठेवण्यास मर्यादवेल उत्तम. त्यामागे नारळ, कण्हेर, बोगनवेल आणि सर्वांत आत मोगऱ्यासारखी नाजूक झाडे असावीत.

विहिरीचे पाणी मचूळ असल्यास तुषार सिंचन टाळावे, कारण त्याने पानांवर पुन्हा मीठच पडते. ठिबकने मुळांशी पाणी द्यावे. रेताड जमिनीत ते थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. आळ्यात पालापाचोळा व नारळाची सोडणे पसरावीत. मुळांशी साचलेले क्षार खाली जाण्यासाठी अधूनमधून भरपूर पाणी सोडावे. निचरा मात्र चांगला हवा.

खरी काळजी विहिरीची. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या जड पाण्यावर पावसाचे गोडे पाणी भूगर्भात तरंगत असते. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर त्याचा थर सुमारे ४० मीटर खोल जातो. साहजिकच पातळी थोडी खालावली, तरी खारे पाणी पुष्कळ वर चढते. मोठ्या पंपाने केलेला अतिउपसा शेजाऱ्याचीही विहीर खारी करतो आणि ती पुन्हा गोडी होण्यास वर्षे लागतात.

यास्तव उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तपासून घ्यावे, छपरावरील पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे आणि उपसा बेताचा ठेवावा. भूजल ही पावसाने जमा केलेली ठेव आहे. बाग व्याजावर जगवावी. मुद्दल पुढील पिढीसाठी राखावे.