गेम बंद पडतो, आळ ग्राफिक्स कार्डावर

२०२४च्या सुरुवातीला जगभरातले अनेक गेमर एकाच संदेशानं हैराण झाले होते. नवा गेम सुरू करायचा, ‘शेडर’ तयार होत असल्याची पट्टी पुढे सरकायची आणि मध्येच गेम बंद. पडद्यावर कारण दिसायचं: व्हिडिओ मेमरी संपली. २४ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०९० कार्ड बसवलेल्यांनाही हाच संदेश! लोकांनी ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकले, विंडोज नव्यानं घातलं, कार्डाला दोष दिला. गेम पडायचे ते पडतच राहिले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा प्रकार होता. खरा दोष निघाला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये. गेमची माहिती डिस्कवर दाबून, आकारानं लहान करून ठेवलेली असते आणि ती उलगडण्याचं काम बहुतेक वेळा प्रोसेसरकडे असतं. उलगडताना हिशेब चुकला की गेमच्या हाती निरर्थक आकडे पडतात. मग तो पुढच्या पायरीवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी गाठ पडते तिथे अडखळतो आणि तिथलीच तक्रार पडद्यावर दाखवतो. एप्रिल २०२४मध्ये आरटीएक्स कार्डांमागच्या एनव्हिडियानं अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं.

जुलैमध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्यावर नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या सूचनांचा संच आला. सप्टेंबरमध्ये कंपनीनं मूळ कारण सांगितलं: जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे चिपमधलं, कामाचा ठेका सांभाळणारं सर्किट अकाली झिजत होतं. नवा मायक्रोकोड ही झीज रोखू पाहतो, पण झिजलेली चिप त्यानं बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते. २०२५च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा याच पिढ्यांच्या चिपांवर फायरफॉक्स ब्राउझर कोसळण्याचं प्रमाण वाढल्याचं मोझिलाच्या एका अभियंत्यानं नोंदवलं. विदर्भात मे महिन्यात दारं-खिडक्या लावून खेळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अर्थात प्रत्येक क्रॅशमागे इंटेलच असतो असं नाही. म्हणून मशीन कसं पडतं ते आधी नीट पाहायला हवं. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, निळा पडदा येतो, की दिवा गेल्यासारखं सगळं एकदम विझतं? भर खेळात मशीन असं विझत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा, नंतर उष्णतेवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की पॉवर सप्लाय गेला असं पुष्कळजण ठरवून टाकतात. ती नोंद इतकंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी मात्र गांभीर्यानं घ्याव्यात, कारण त्या हार्डवेअरनं स्वतः कळवलेल्या चुका असतात.

रॅम हा आणखी एक छुपा रुस्तम. बायोसमधली एक्सएमपी ही सोय चालू केली की ती नेहमीपेक्षा जास्त वेगानं धावते आणि काही जोडण्यांना तो वेग झेपत नाही. ती सोय बंद करून तोच गेम खेळून पाहावा, रात्रभर मेमटेस्ट८६ चालवावं. ओव्हरक्लॉकिंग केलं असेल तर तेही काढावं. मात्र एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तरी कशामुळे चालला ते कळत नाही आणि महिन्याभरानं पुन्हा तेच दुखणं.

इंटेलच्या या दोन पिढ्यांचा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नव्या कार्डावर पैसे घालण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीचं ताजं बायोस टाकावं, कारण नवा मायक्रोकोड त्यातूनच येतो, आणि खरेदीचं बिल शोधून ठेवावं. खोक्यातून विकल्या गेलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलनं तीनवरून पाच वर्षं केली आहे.