उतरलेली किंमत, न उतरणारा खर्च

बुरहानपुरातील शनवारा दरवाज्याशी सायंकाळी जो घटकाभर उभा राहील, त्यास या गावाची सांपत्तिक स्थिती समजून घेण्यासाठी कोणत्याही सरकारी दफ्तराची पाने उलटावी लागणार नाहीत. केळीचे घड पोचवून परतणारे ट्रॅक्टर, यंत्रमागाच्या कापडाची गाठोडी लादलेल्या रिक्षा, आणि त्या गर्दीतून, आपल्याकडे कोणी पाहते आहे की नाही याचा अंदाज घेत सावकाश सरकणारी एखादी काळीभोर विलायती एसयूव्ही, एवढे दृश्य त्यास पुरे होते. निजाम-उल्-मुल्क आसफजाहाने 1731 मध्ये या शहराभोवती कोट घातला, त्याच्या दरवाज्यांपैकी शनवारा व इतवारा ही नावे ऐकून पुण्याच्या पेठांतला माणूस क्षणभर आपल्याच गावी असल्यासारखा सुखावतो. एके काळी या कमानीखालून हत्ती जात असतील, तेव्हा कमानींची उंची त्यांच्याच मापाने धरली असावी. हल्लीच्या गाड्या मात्र उंचीपेक्षा रुंदीने अधिक अडतात.

याच चौकात गेल्या हिवाळ्यात माझे एक जुने स्नेही, केळीचे मोठे बागाईतदार, मला भेटले आणि चहाच्या दुकानी बसवून त्यांनी आपला पेच माझ्यापुढे मांडला. त्यांच्यासमोर दोन जुन्या गाड्या होत्या. एक, आठ वर्षांपूर्वी 70 लाखांना घेतलेली जर्मन एसयूव्ही. दुसरी, त्याच सुमारास 30 लाखांना घेतलेली टोयोटा फॉर्च्युनर. आज दोन्हींचे मालक 20 लाखच मागत होते. "दादा, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "70 लाखांची वस्तू 20 लाखांत मिळत असताना 30 लाखांची वस्तू 20 लाखांत घेणारा मी वेडा की शहाणा?" हिशेब इतका सरळ दिसत होता की त्यास उत्तर देण्यापूर्वी मी दुसरा चहा मागविला.

जुन्या बाजारात गाडीची किंमत उतरते. तिचा खर्च उतरत नाही, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेच नव्हती. जी गाडी 70 लाखांची म्हणून घडविली, तिचा दिवा, तिचा गिअरबॉक्स, तिचा संगणक हे सारे आजही 70 लाखांच्या गाडीचेच सुटे भाग असतात, आणि शोरूमच्या मिस्त्रीची मजुरी लावणारा कारकून आपण ती कितव्या हाताने घेतली हे विचारीत नाही. पहिला मालक गाडीची हमी संपण्याच्या सुमारास ती काढून टाकतो, कारण नवे मॉडेल दारी आणणे हाच त्याच्या दृष्टीने गाडी बाळगण्याचा हेतू असतो. पुढील घेणारे थोडे, आणि त्या थोड्यांनाही दुरुस्तीची धास्ती. यामुळे जी किंमत कोसळते, ती सवलत नसून पुढे येणाऱ्या खर्चाची बाजाराने आधीच केलेली वजावट असते. उलटपक्षी फॉर्च्युनरचा मालक 30 पैकी 20 मागण्याचे धारिष्ट करतो, ते तिच्या भरवशाचे मोल रोखीने आगाऊ वसूल करण्यासाठी. भरवसा घेणारा पैसे एकदाच मोजतो, पण रोख मोजतो; प्रतिष्ठा घेणारा ते हप्त्याहप्त्याने मोजतो, आणि त्या हप्त्यांची तारीख कोणी सांगत नाही.

या स्वस्ताईस आणखी एक कारण घडले. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली व भोवतालच्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मज्जाव केला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम राखला, आणि पुढे त्याच्या अंमलात फेरफार झाले तरी मधल्या काळात राजधानीतील श्रीमंतांच्या चांगल्या दिसणाऱ्या, पण वयाने अडलेल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर प्रांतांच्या बाजारांकडे वळल्या. दिल्लीची पाटी असलेली मोटार सातपुड्याच्या पायथ्याशी उभी दिसली, तर मालकाच्या वैभवापेक्षा या आदेशाची आठवण आधी करावी.

परदेशी वाहनाचे आकर्षण या मुलखास नवे नाही. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात याच बुरहानपुरात शहाजादा परवीझला भेटून पुढे अजमेरास गेला, व तेथे जहांगीर बादशहास जे नजराणे पोचले त्यांत एक इंग्रजी घोडागाडी होती. बादशहाने ती खोलवून तिची नक्कल आपल्या कारागिरांकडून करविली, मूळ गाडीचे फिकटलेले मखमली अस्तर काढून किनखाप चढविला, पितळी खिळ्यांच्या जागी रुपेरी खिळे ठोकविले, आणि नटविलेली ती विलायती गाडी नूरजहानला देऊन स्वतः नकलेत बसला. मला या कथेतील मौज ही वाटते की बादशहापाशी गाडी खोलून पुन्हा जोडणारे कारागीर आवाराच्या आत होते. आपल्याकडे आज नेमके तेच नसते.

जर्मन गाडी बिघडली तर तिचे कंपनीचे सेवाकेंद्र इंदुरास, म्हणजे सुमारे 180 किलोमीटरांवर, आणि तेथवर ती स्वतःच्या चाकांवर जाईल की दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर, हा प्रश्न बिघाडाच्या स्वरूपावर अवलंबून. मर्सिडीजची जुळणी चाकणला, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यास आणि लँड रोव्हरची पुण्यास होते, तेव्हा या गाड्या अर्ध्या मराठीच आहेत असे एका दलालाने मला अभिमानाने सांगितले. परंतु जुळणी येथली असली तरी पुष्कळसे अवयव परदेशातून पेट्यांत बांधून येतात, आणि आठ वर्षांनी हवा असलेला एखादा भाग कोठून आणि किती दिवसांनी येईल, हे त्या जुळणीवरून ठरत नाही.

अशा भागांची दोन उदाहरणे विस्ताराने सांगतो, कारण गिऱ्हाईक फसते ते येथेच. अनेक उंची गाड्यांत पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या असतात. त्यांच्यामुळे गाडी पालखीसारखी चालते. रबराचे वय किलोमीटरांत नव्हे, वर्षांत मोजावयाचे असते. फार न चालवलेली, गॅरेजात झाकून ठेवलेली गाडीसुद्धा त्यामुळे म्हातारी होते; पिशवीस बारीक चीर पडली की हवा गळते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अहोरात्र धापा टाकतो, आणि शेवटी तोही जातो. दुसरे, डिझेल गाडीच्या धुराड्यातील काजळी अडविणारी चाळणी, जिला कारागीर डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन बराच वेळ तापत धावावे लागते. शनवाऱ्याहून केळीच्या मंडीत आणि मंडीतून घरी, असा दोनतीन किलोमीटरांचा ज्याचा नित्यक्रम, त्याच्या गाडीत ती जळण्याइतकी उष्णता कधी येतच नाही, आणि डॅशबोर्डावर एके दिवशी पिवळा दिवा लागतो. नव्या बीएस-6 फॉर्च्युनरमध्येही अशी चाळणी असते, हे न्याय म्हणून सांगितले पाहिजे.

फॉर्च्युनर 2009 मध्ये भारतात आली, ती टोयोटाच्या हायलक्स या मालवाहू पिकअपच्या कुळातून. दणकट शिडीसारख्या सांगाड्यावर वेगळे शरीर बसविलेली. तिचे चालणे त्यामुळे थोडे ओबडधोबड, वळणावर डुलणारे, आणि मागच्या आसनावरील वृद्धांस खड्ड्याची बातमी त्वरित पोचविणारे. ज्यास केवळ सुख हवे त्याने तिच्या वाटेस जाऊ नये, हे मी स्वच्छ सांगेन. पण काळ्या मातीच्या बांधावरून बागेत उतरून, घड मोजून परतणाऱ्यास ते उणेपण विसरता येते.

प्रतिष्ठेचा मी उपहास करीत नाही. केळीच्या व्यापारात माल आज जातो आणि पैसा मागून येतो, आणि अशा व्यवहारात पत हेच खरे तारण असते. दारी उभी असलेली गाडी ती पत न बोलता सांगते, मुलीच्या सोयरिकीतही ती सांगते. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, धनिकांनी 2010 मध्ये एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या सुमारे 65 कोटींना घेतल्या, त्यांस स्टेट बँकेने 7 टक्क्यांनी कर्ज दिले, आणि पत्रकार पी. साईनाथांनी त्याच्या शेजारी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरकर्जाचा चढा दर ठेवून देशास विचार करावयास लावले. त्या खरेदीचा गाजावाजा पैशांत मोजता आला, तर तिच्या किमतीचा काही भाग परत मिळालाच म्हणावा लागेल. मात्र हा लाभ नव्या गाडीचा आहे. जुन्या गाडीबाबत सोयऱ्यांचे डोळे नोंदणीच्या वर्षापर्यंत लगेच पोचतात. शिवाय आमच्या खानदेशात पांढरी फॉर्च्युनर हेच आता पुढाऱ्यांचे वाहन होऊन बसल्याने, भरवशाच्या वस्तूलाच मान चिकटल्याचे विचित्र दृश्य दिसते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. अकबराच्या अमदानीत मनसबदारांनी चांगला घोडा दाखवून खेचर पुढे करू नये म्हणून घोड्यांस 'दाग' देण्याचा आणि स्वारांचा 'चेहरा' नोंदविण्याचा शिरस्ता होता. आपल्याकडील चेसिस क्रमांक आणि आरसी यांचे काम तेच, आणि दोहोंची रुजवात घातल्याशिवाय विसार देऊ नये. सीमेपलीकडील एमएच-19, म्हणजे जळगावची, गाडी येथे एमपी-68 होण्यासाठी फॉर्म 28 चा ना-हरकत दाखला लागतो, हस्तांतरणास 29 व 30 लागतात, कर्जाची नोंद असल्यास बँकेची 35 लागते. आणि परप्रांतीची गाडी बारा महिन्यांहून अधिक येथे ठेवायची तर कर भरून नवा क्रमांक घेणे मोटारवाहन कायद्याने बंधनकारक आहे. हा कर 20 लाखांच्या हिशेबात कोणी धरीत नाही. मीटर मागे फिरविण्याची कला तर इतकी सोपी की आकड्यापेक्षा झिजलेल्या ब्रेक-पेडलाकडे आणि स्टिअरिंगच्या गुळगुळीत चामड्याकडे पाहावे.

इतके सांगून मी स्नेह्यांस एकच विनंती केली, की जर्मन गाडी एक रात्र आपल्या अंगणात उभी राहू द्यावी. मालकाने ती दिली. थंडी कडाक्याची होती. सकाळी मी पोचलो तेव्हा ते उकिडवे बसून पुढच्या डाव्या चाकाकडे पाहत होते. गाडी त्या बाजूने चार बोटे बसली होती, हे त्यांनी स्वतः बोटे लावून मोजले होते. किल्ली फिरविताच कॉम्प्रेसर घुंघुं करीत गाडी हळूहळू वर आली, आणि अंगणातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

स्नेही उठले, गुडघे झटकले, गाडीच्या चकचकीत बॉनेटावरून एकदा हात फिरविला, आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, तो दोन लाख कमी करील का, विचारून पाहू या?"