म्हातारचळ नव्हे, व्याधि

“साठी बुद्धी नाठी” ही म्हण आपण सहज उच्चारतों; परंतु स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नव्हे, तो मेंदूच्या रोगाचा परिणाम होय. एकच प्रश्न दहादां विचारणाऱ्या वडिलांस दटावून काय लाभ?

२०२४ सालीं सरकारनें ७० वर्षें व त्यांवरील सर्वांस दरसाल ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांची सोय केली, हें स्तुत्यच. पण ती मुख्यत्वें रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांसाठीं. ह्या रोग्याची शुश्रूषा तर वर्षानुवर्षें घरींच चालते, आणि तिचा भार बहुधा सुनेवर वा लेकीवर पडतो. श्रीमंत परिचारिका ठेवील. गरिबानें काय करावें?

जिल्ह्याच्या रुग्णालयांत स्मृतीची तपासणी आणि शहरोशहरीं दिवसा सांभाळ करणारीं केंद्रें हवींत. धर्मशाळा बांधणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं हेंही पुण्यकर्म हातीं घ्यावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.