धरणाच्या पोटातली उष्णता

सिमेंटमध्ये पाणी पडलं की उष्णता निर्माण होते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते. धरणाच्या अवाढव्य काँक्रीटमध्ये मात्र अडकून पडते. गाभा गरम, पृष्ठभाग थंड, आणि त्या ओढाताणीत तडे. म्हणूनच १९३५ साली बांधून झालेल्या अमेरिकेतल्या हूव्हर धरणात काँक्रीटमध्ये नळ्या टाकून थंड पाणी खेळवलं होतं.

गाभा किती तापेल हे आधीच काढायचं तर उष्णतावहनाचं समीकरण सोडवावं लागतं. ते फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी १८२२ मध्येच छापलं होतं. पण वेड्यावाकड्या आकारासाठी ते कागदावर सुटत नाही, ही खरी अडचण. ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत त्या आकाराचे लहान त्रिकोण-चौकोन पाडते. कोपऱ्यांवरचं तापमान अज्ञात. मधल्या जागेत ते एखाद्या साध्या नियमाने बदलतं असं धरायचं. प्रत्येक तुकड्यातल्या उष्णतेचा जमाखर्च मांडला की शेकडो-हजारो साधी समीकरणं मिळतात. संगणक ती सोडवतो, घड्याळ थोडं पुढे सरकवतो, पुन्हा सोडवतो.

पद्धतीला हे नाव बर्कलीच्या रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. आर्कन्सॉमधल्या नॉरफोर्क धरणाच्या तड्याचा त्यांनी एडवर्ड विल्सन यांच्यासह अभ्यास केला. विल्सन आणि निकेल यांनी १९६६ मध्ये ही पद्धत थेट उष्णतावहनाला लावली.

संगणकाच्या पडद्यावरची तापमानाची लाल-निळी चित्रं बघून मात्र हुरळून जाऊ नये. वारा पृष्ठभागावरून किती उष्णता नेतो, हा आकडा बहुधा अंदाजाचाच असतो, आणि तो चुकला तर तुकड्यांची जाळी कितीही बारीक करा, उपयोग नाही. त्यामुळे काँक्रीट ओततानाच त्यात तापमापक पुरतात आणि गणित त्यांच्या नोंदींशी ताडून पाहतात.