मिनिटाला फेरे किती?



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. अंबड तालुक्यातील आपले एक जुने सभासद गट ऑफिसात आले. सगळे त्यांना आबा म्हणतात, आम्हीही म्हणतो. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक आहे, तो काढून साडेसातचा बसवायचा, त्यासाठी सोसायटीकडे कर्ज मागायचे आणि त्यावर आमची शिफारस हवी, असे त्यांचे काम होते. दोन एकर खोडवा उभा होता. कालव्याचे पाणी लांबले होते. विहिरीत पाणी होते, पण ते शेवटच्या सरीपर्यंत जात नव्हते.

“मोटर तर चालायली साहेब,” आबा म्हणाले, “आवाज बी बरोबर हाय. पण पाणी येईना. मिस्त्री म्हणतो इंपेलर गेला. दुसरा म्हणतो मोटरच दमली.”

दिवसाची वीज पुरत नाही म्हणून आबा ट्रॅक्टरच्या पीटीओवर अल्टरनेटर चालवून मोटर लावतात. ही व्यवस्था आपल्या भागात आता अनेकांकडे आहे. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. शिफारस लिहायला कागद ओढलाच होता. इतक्यात कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागातले एक तरुण साहेब तेथे बसले होते, त्यांनी विचारले, “आबा, फेरे मोजलेत का?”

फेरे? विहिरीवरच्या मोटरचे फेरे कोण मोजतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे आबांच्या वस्तीवर गेलो. साहेबांच्या खिशात एक उपकरण होते, आकाराने टीव्हीच्या रिमोटएवढे. त्याला हातातला लेसर टॅकोमीटर म्हणतात. टॅकोमीटर म्हणजे फिरणारी वस्तू मिनिटाला किती फेरे घेते हे सांगणारे यंत्र. मोटरच्या पाटीवर ‘आरपीएम’ असे लिहिलेले असते, तेच हे. पूर्वी आपल्या मिल हाऊसमध्ये जे टॅकोमीटर होते ते घड्याळासारखे, गोल तबकडीचे. त्याचे रबरी टोक शाफ्टच्या मध्यभागी दाबून धरावे लागे. शाफ्टचे टोक उघडे नसेल तर ते निरुपयोगी, आणि फिरत्या यंत्राजवळ हात न्यावा लागे ते वेगळेच. लेसरचे तसे नाही. तो हातभर अंतरावरून मोजतो.

तो मोजतो कसा, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना मागून चकाकणाऱ्या पट्ट्या लावायला आपण सांगतो. रात्री मागच्या गाडीचा दिवा त्यावर पडला की पट्टी झळकते, कारण ती उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते. टॅकोमीटरची पट्टी त्याच जातीची, फक्त बोटाच्या पेराएवढी. यंत्र बंद करून ती शाफ्टवर किंवा पुलीवर चिकटवायची. मग यंत्र सुरू करून लेसरचा लाल ठिपका तिच्या वाटेवर धरायचा. शाफ्टचा एक फेरा झाला की पट्टी एकदा ठिपक्याखालून जाते, उजेड एकदा परत येतो, उपकरण एक मोजते. दोन झळकांमध्ये किती वेळ गेला हे त्याच्या आतले घड्याळ पाहते आणि मिनिटाचे फेरे काढून आकडा दाखवते. बटण दाबून दोन-तीन सेकंद थांबले की काम झाले.

आबांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि कानाने ऐकून ॲक्सिलरेटर लावला. “पाचशे चाळीस,” ते म्हणाले. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे असतो, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगावे लागत नाही. साहेबांनी मोजले तर ५३८. आम्ही आबांकडे पाहिले. आबा नुसते हसले.

आता अल्टरनेटर. तो चार पोलचा, म्हणजे ५० सायकलची वीज हवी असेल तर त्याला १५०० फेरे पाहिजेत. आकडा आला १३८०. साहेबांनी पुन्हा मोजले, पुन्हा १३८०. ट्रॅक्टर बरोबर, पुल्यांचे माप बरोबर, मग वेग मध्येच कुठे गळाला? बेल्टमध्ये. तीन बेल्टपैकी एक लोंबत होता आणि उरलेले दोन घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते पुलीवर घसरत होते. पॅनेलवरचा व्होल्टमीटर मात्र चारशेच्या वर ठीक दाखवत होता, कारण अल्टरनेटरचा रेग्युलेटर वेग थोडा कमी झाला तरी व्होल्टेज सांभाळून घेतो. सायकल दाखवणारा मीटर केव्हाच बंद पडला होता. त्यामुळे वीज कमी पडते आहे अशी शंका कोणालाच आली नाही.

१३८० फेऱ्यांना वीज होते ४६ सायकलची. मोनोब्लॉकच्या पाटीवर २८८० फेरे लिहिले होते. मोटर व पंप यांच्या मधल्या खिडकीतून शाफ्ट दिसतो, तेथे पट्टी लावून मोजले तर २६५० च्या आसपास. आठ टक्के कमी. तुम्ही म्हणाल, आठ टक्क्यांनी काय होते? आम्हीही तेच म्हणालो.

साहेबांनी वाळूत काठीने हिशेब मांडला, तो येथे देतो, कारण तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पंपाचा वेग जितक्या पटीने कमी होतो तितक्याच पटीने तो द्यायचे पाणी कमी होते. पण पाणी वर चढवण्याचा जोर, ज्याला आपण हेड म्हणतो, तो वेगाच्या वर्गाने कमी होतो. ०.९२ ला ०.९२ ने गुणले की ०.८५ च्या जवळ येते. पाटीप्रमाणे पंपाचा जोर २२ मीटर, तो राहिला साडेअठरा. आबांच्या विहिरीतल्या पाण्यापासून शेताच्या वरच्या कडेपर्यंतची उभी उंची भरली १८ मीटर. म्हणजे पूर्वी पाईपमधली घासण भागवायला चार मीटर जोर शिल्लक होता, तो आता अर्धा मीटर उरला. धार निम्म्यावर येणारच. पंप आठ टक्क्यांनी हळू झाला, पण शेवटची सरी कोरडी पडली ती यामुळे.

मोटर बदलायची गरज नव्हती. साडेसातची घेतली असती तर त्याच घसरत्या बेल्टवर जास्त भार पडला असता, फेरे आणखी उतरले असते आणि डिझेल वाढले असते. तिन्ही बेल्ट एकाच मापाचे नवे आणले, अल्टरनेटर मागे ओढून ताण दिला. नंतरचा आकडा १४८८. दुपारी पाणी शेवटच्या सरीला लागले. शिफारशीचा कागद आबांनी घडी करून खिशात ठेवला. कशाला, ते आम्ही विचारले नाही.

येथे एक सांगितले पाहिजे. हे उपकरण फसवतेही. मागच्या हंगामात आपल्या वर्कशॉपमध्ये एका मोटरवर ते लावले तर आकडा २९०० च्या वर. निवृत्तीला आलेले एक फिटर शेजारी उभे होते. ते म्हणाले, “हे काय बोलतं? ही मोटर चौदाशे चाळीसची. एवढी पळाली असती तर इथं उभं राहवलं नसतं.” पाहिले तर शाफ्टवर पट्टीसमोरच्या बाजूला चावीची घासलेली जागा आरशासारखी चमकत होती. एका फेऱ्यात दोन झळका, म्हणून आकडा दुप्पट. त्या जागेवर काळा, चमक नसलेला रंग लावल्यावर १४६० आला. तेव्हा उपकरणाच्या आकड्याआधी पाटीवरचा आकडा वाचावा, आणि आपला कानही अगदीच मोडीत काढू नये. असेच ट्यूबलाइटचे. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही. ठिपका पट्टीवर नीट बसला नाही आणि ट्यूबचा उजेड भिंगात गेला तर काही वेळा उपकरण तेच मोजते आणि मिनिटाला ६००० असा आकडा दाखवते. शाफ्ट तेलकट असला की पट्टी उडून जाते. कडक उन्हात ठिपका दिसत नाही, तेव्हा सावली धरावी.

कारखान्यात याचा उपयोग काय, असे काही सभासद विचारतील. ऊस आपला, तेव्हा विचारण्याचा हक्कही आहे. मिलचा रोलर अगदी हळू फिरतो. समजा रोलरचा व्यास ८५० मिलिमीटर आहे आणि तो मिनिटाला साडेचार फेरे घेतो, तर त्याचा पृष्ठभाग मिनिटाला १२ मीटर पुढे सरकतो. हा वेग गरजेपेक्षा वाढवला तर उसाचा थर पातळ होतो, पिळलेला रस निथळायला वेळ मिळत नाही आणि चोथ्याबरोबर थोडा रस पुढे जातो. उलट उसाचे बारीक तुकडे करणारे कटर व फायब्रायझर यांचा वेग उतरला तर ऊस नीट फुटत नाही, आणि न फुटलेल्या उसातून साखर कितीही दाबली तरी पूर्ण निघत नाही. ती साखर बगॅसमधून बॉयलरमध्ये जळते. साखर उतारा घटतो तो असाच, दशांशाने, आणि उसाचा दर त्या उताऱ्यावर बांधलेला आहे.

साडेचार फेऱ्यांना एका पट्टीवर मोजायचे तर एका फेऱ्याला तेरा सेकंद लागतात. उपकरण गोंधळते. म्हणून रोलरच्या शाफ्टवर सारख्या अंतराने दहा पट्ट्या लावतात आणि आलेल्या आकड्याला दहाने भागतात. ४५ आला की साडेचार.

साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणाऱ्या सेंट्रीफ्युगल मशीनचे प्रकरण निराळे. १२२० मिलिमीटर व्यासाची टोपली मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या भिंतीवर दाणा आपल्या वजनाच्या सुमारे ९८० पट जोराने दाबला जातो. वेग दहा टक्के वाढला तर हा ताण एकवीस टक्के वाढतो. तेथे ठरलेल्या वेगाच्या वर जाणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. म्हणून मशीनवर बसवलेला मीटर खरे सांगतो आहे ना, हे हातातल्या टॅकोमीटरने मधूनमधून पडताळतात. विजेच्या बाजूलाही असेच आहे. देशाच्या ग्रिडची वीज ४९.९० ते ५०.०५ सायकलच्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. ग्रिडला जोडलेला चार पोलचा अल्टरनेटर म्हणजे १४९७ ते १५०१ या चार-पाच फेऱ्यांच्या आतच चालतो. आबांच्या अल्टरनेटरचे १३८० या हिशेबात ठेवून पाहा.

हजार-दोन हजार रुपयांत साधे उपकरण जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला मिळते. प्रत्येकाने ते घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू एका गावात एक पुरे. ज्यांचा पंप बोअरमध्ये बुडालेला आहे त्यांना तर त्याचा उपयोगच नाही, कारण शाफ्ट दिसतच नाही. त्यांनी अल्टरनेटरचे फेरे मोजावेत किंवा सायकल मीटर दुरुस्त करून घ्यावा. मात्र मळणी यंत्र, कडबा कुट्टी, रोटाव्हेटरचा पीटीओ, डिझेल इंजिन या सगळ्यांवर ते चालते.

मोजताना धोतराचा सोगा, उपरणे, बायांचा पदर, सैल बाही फिरत्या शाफ्टपासून दूर ठेवा. पट्टी लावायची ती यंत्र पूर्ण थांबल्यावर आणि ट्रॅक्टरची चावी काढून आपल्या खिशात टाकल्यावर. पीटीओच्या शाफ्टवरचे झाकण अनेकांनी काढून टाकलेले आम्ही पाहिले आहे. ते परत बसवा, मोजण्यासाठी पुली उघडी असते तेवढी पुरते. लेसरचा ठिपका कोणाच्या डोळ्यावर धरू नका. पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका, ती पहिल्यांदा तेच करतात.

खोडव्याला पाणी देण्याचे दिवस आता सुरू होतील. ज्यांची मोटर चालते पण पाणी येत नाही, त्यांनी नवी घेण्याआधी गट ऑफिसात सांगावे. येताना मोटरची आणि अल्टरनेटरची पाटी पुसून त्यावरचा आकडा कागदावर लिहून आणावा. आबांच्या पाटीवर इतका चिखल बसला होता की ती खरवडायलाच आमचा अर्धा तास गेला.